आमच्या घरच्या एकोणीस वाघिणी

फर्स्ट इयरला होस्टेलवर ओळखपरेड चालू होती. प्रत्येकाने आपल्या गावाची एक खासियत सांगायची, असा सीनियर मंडळींचा हुकूम. माझा नंबर आला तेव्हा मी उभा राहून सांगून टाकलं, "मी श्रीवर्धनचा. आमच्या घरी एकोणीस वाघिणी आहेत." दोन मिनिटं शांतता आणि मग जो काय हशा पिकला म्हणता! त्या दिवसापासून मेसमध्ये माझं नाव 'सर्कसवाला' पडलं ते आजतागायत.

तर मंडळी, हा लेख म्हणजे एक खुलासा आहे. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. 'वॅगन' या शब्दाला आपल्या लोकांनी मराठी नऊवारी नेसवली आणि त्याची वाघीण केली. मराठी पेपरात अजूनही 'कोळशाच्या वाघिणी घसरल्या' अशी बातमी येते, तेव्हा जंगलखात्याचा काही संबंध नसतो. आमच्या घरच्या वाघिणी मात्र खेळण्यातल्या. वीतभर लांबीच्या, पत्र्याच्या आणि प्रत्येकीच्या अंगावर कुठल्या ना कुठल्या जुन्या कंपनीची जाहिरात रंगवलेली. शेल पेट्रोल, कॅडबरी, कार्सची बिस्किटं, क्रॉफर्डची बिस्किटं, फाइफ्सची केळी... हा सगळा माझ्या आजोबांचा संग्रह.

आता गंमत बघा. श्रीवर्धन तालुक्यात रेल्वेचा एक फूटसुद्धा रूळ नाही. गाडी पकडायची तर माणगावला जायचं. अशा गावात मालगाडीचे डबे जमवणारा माणूस निपजावा, हेच एक आश्चर्य. पण आजोबा १९६० च्या दशकात मुंबईला वाडीबंदरच्या मालधक्क्यावर कारकून होते. दिवसभर खऱ्या वाघिणींचे नंबर वहीत उतरवायचे आणि रविवारी चोरबाजारात फिरायचं. तिथे साहेबांच्या मुलांनी मागे टाकलेली खेळणी रद्दीच्या भावात मिळायची. इंजिनं महाग, ती पारशी शेठ लोक घेऊन जात. डबे कुणाला नकोत. "मला परवडायचे ते डबे," असं आजोबा सरळ सांगतात. छंदामागे काही मोठं तत्त्वज्ञान वगैरे नव्हतं.

पण डब्यावर जाहिरात कशाला? हा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा, कारण आपल्या मालगाड्या म्हणजे एकजात तपकिरी. उत्तर असं आहे की इंग्लंडमध्ये मालगाडीचे सगळे डबे रेल्वे कंपनीच्या मालकीचे नसत. खाणवाले, कोळशाचे व्यापारी, तेल कंपन्या स्वतःचे डबे बांधून घेत आणि रेल्वे ते भाडं घेऊन ओढून नेई. डबा आपला म्हटल्यावर त्यावर आपलं नाव हवंच! मग ठसठशीत अक्षरं, सावल्या टाकलेले रंग, खाली गावाचं नाव. आपल्याकडे ट्रकवाले नाव, गाव आणि वर लिंबू-मिरची रंगवतात, तोच प्रकार. असे खाजगी डबे तिकडे पाच लाखांहून जास्त होते.

दिसायला हे सगळं फार सुंदर, पण इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या सरांना विचारा, ते कपाळावर हात मारतील. अमक्याचा डबा तमक्याचा माल भरून परत येऊ शकत नाही. तो रिकामाच मालकाकडे जाणार. यार्डात एकेक डबा निवडून वेगळा काढायचा, शंटिंग करायचं, रिकामा पळवायचा. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने बहुतेक खाजगी डबे ताब्यात घेऊन एकत्र केले, ज्याला जो डबा जवळ सापडेल तो वापरा म्हणाले. १९४८ मध्ये ब्रिटिश रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि कोळशाच्या डब्यांवरची रंगीत नावं हळूहळू पुसली गेली. अमेरिकेत तर त्याआधीच, म्हणजे १९३४ मध्ये, बर्फाच्या शीतडब्यांवर मांस-लोणी-बिअरच्या भडक जाहिराती करण्यावर तिथल्या वाहतूक आयोगाने बंदी आणली आणि १९३७ पर्यंत ते डबे रुळांवरून गेले. जर्मनीत बिअर कंपन्यांचे पांढरे डबे प्रसिद्ध होते. पांढरे का, तर ऊन परतवायला. आत बर्फ असायचा ना!

म्हणजे खऱ्या रुळांवरून ही चित्रं गेली, ती उरली खेळण्यांवर. म्हणून लोक ती जमवतात.

खेळण्यांच्या बाबतीत मोठं नाव लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीचं. 'मेकॅनो'चा जनक तोच. त्याने १९०१ मध्ये मेकॅनोचं पेटंट घेतलं आणि १९२० मध्ये गाड्या बाजारात आणल्या. त्या 'ओ' गेजच्या, म्हणजे रुळांतलं अंतर ३२ मिलिमीटर. १९२० च्या दशकात त्याने खऱ्या कंपन्यांच्या नावाचे डबे काढायला सुरुवात केली. त्यात कोलमन मोहरीचा एक पिवळा डबा आहे, बैलाच्या मुंडक्याचं चित्र असलेला. तो १९२३-२४ च्या सुमारास थोडाच काळ निघाला, त्यामुळे आज तो संग्राहकांचा कोहिनूर. (आमच्याकडे नाही. असता तर मी हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवलो असतो का?) १९३८ मध्ये हॉर्नबीने 'डब्लो' नावाची लहान मापाची मालिका काढली. रूळ १६.५ मिलिमीटरचे. त्यात एसो, पॉवर, रॉयल डेलाइट असे तेलाचे टँकर होते. आजोबांच्या पेटाऱ्यात दोन्ही मापांचे डबे आहेत, त्यामुळे ते एकत्र जोडता येत नाहीत. लहानपणी यावरून मी बराच रडलो आहे.

हे १६.५ काय प्रकरण आहे, ते जाता जाता सांगतो. परदेशातला स्टँडर्ड गेज १४३५ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागा, १६.५ आले. हाच तो 'एचओ' स्केल. आपला ब्रॉडगेज १६७६. त्याला ८७ ने भागलं तर १९.३ येतात. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या रुळांवर भारतीय डबा अचूक मापात बसवायचा, तर तो पावणेतीन मिलिमीटरने फसतो. आपल्याकडचे शौकीन एकतर डोळेझाक करतात किंवा १:१०० च्या आसपासचा स्केल धरतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं लघु रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं. तिथली सगळी मांडणी १:८७ चीच आहे. सिग्नल, रस्ते, दिवे आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या. पुण्यात असाल आणि अजून गेला नसाल तर सबमिशन गेलं खड्ड्यात, आधी तिकडे जाऊन या. गाडी निघाली की सगळे इंजिनाकडे बघतात. तुम्ही मागचे डबे बघा.

असो. आता नव्या डब्यांबद्दल. आज इंग्लंडमधल्या मॉडेल कंपन्या जुन्या नावांचे प्लॅस्टिकचे डबे शेकड्यांनी काढतात. याचं गुपित आपल्या मॅन्युफॅक्चरिंगच्या पेपरात आहे. इंजेक्शन मोल्डिंगची डाय बनवायला प्रचंड खर्च येतो, पण एकदा ती झाली की डबा पाडणं स्वस्त. मग एकाच डायमधून डबे काढायचे आणि फक्त छपाई बदलायची. ही छपाई पॅड प्रिंटिंगने होते. पोलादी पाटीवर साधारण २५ मायक्रॉन खोल अक्षरं कोरतात, त्यात शाई भरून वरची पुसून घेतात. मग सिलिकॉनचा मऊ गोळा पाटीवर दाबला की तो शाई उचलतो आणि डब्यावर दाबला की सोडतो. गोळा मऊ, म्हणून रिबेटच्या डोक्यावर आणि फळ्यांच्या खाचांतसुद्धा अक्षर नीट उतरतं. एक रंग, एक ठोका. डाय तीच, डबे शंभर, आणि शंभर जाहिराती म्हटल्यावर संग्राहक शंभरही विकत घेणार! माझं स्पष्ट मत सांगतो, यातले कित्येक डबे म्हणजे निव्वळ टोप्या आहेत. नाव खरं असतं, पण त्या व्यापाऱ्याचा डबा त्या आकाराचा कधी नव्हताच. डाय एकच ना! ज्याला जमवायचे त्याने खुशाल जमवावेत, पण त्याला इतिहास म्हणू नये.

जुन्या पत्र्याच्या डब्यांत फसवणूक वेगळ्या प्रकारची. तिथे लोक साधा डबा घेऊन त्यावर दुर्मिळ नाव रंगवतात. ओळखायचं कसं? आजोबांनी शिकवलेली खूण अशी : पत्र्याचे भाग स्क्रूने नाही, जिभल्यांनी जोडलेले असतात. जिभली खाचेतून बाहेर काढून वाकवायची. कारखान्यात रंग आधी आणि वाकवणं नंतर, म्हणून घडीवर रंगाला बारीक भेगा गेलेल्या दिसतात. जिभलीच्या घडीवर गुळगुळीत, अखंड रंग दिसला तर समजावं, नंतर कुणीतरी ब्रश फिरवला आहे. आणखी एक उपाय म्हणजे अतिनील दिवा. नोटा तपासायचा असतो तसला. नवा रंग त्याखाली पुष्कळदा जुन्यापेक्षा वेगळा चमकतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण हा लेख लिहायचं खरं कारण ते आहे.

३ जून २०२०. निसर्ग वादळ. मी तेव्हा नववीतून दहावीत गेलो होतो. श्रीवर्धनच्या माणसाला या तारखेबद्दल जास्त सांगावं लागत नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा. आमच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारी नावाजलेली, पण पोफळ लावल्यावर फळ धरायला कितीतरी वर्षं जातात. माळ्यावरची कौलं गेली, पावसाचं पाणी थेट आत. पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती. बाबा आणि काका झाडं तोडण्यात, आजी धान्य वाळवण्यात. पेटाऱ्याकडे बघायला कुणाला सवड होती? तो आम्ही उघडला एकदम गणपतीत.

आतलं दृश्य सांगवत नाही. कापडी पिशव्यांत डबे होते, त्या पिशव्या भिजून तशाच चिकटलेल्या. शेलच्या लाल टँकरच्या पोटाखाली गंजाचा पापुद्रा. एका व्हॅनची चाकं हातात घेतली तर बिस्किटासारखी चुरली. आजोबा काही बोलले नाहीत. ओटीवर जाऊन झोपाळ्यावर बसले.

मला वाटलं, आपण काहीतरी करून दाखवावं. क्रॉफर्डच्या बिस्किटांची लाल व्हॅन घेतली, त्यावर बुरशीचे डाग होते. घरात रंगकामाचा थिनर पडलेला. कापसाच्या बोळ्यावर घेतला आणि पुसलं. चार सेकंदांत बोळा लाल झाला आणि 'क्रॉफर्ड्स' हे नाव अर्धं बोळ्यावर आलं. अहो, ती अक्षरं रंगवलेली नव्हतीच. ते ट्रान्सफर होतं, कागदावरून चिकटवलेली पातळ छपाई आणि वर वॉर्निश. थिनरने वॉर्निशसकट विरघळली. जवळजवळ शंभर वर्षं टिकलेली जाहिरात वादळातून वाचली आणि माझ्या हातून गेली. आजोबांना दाखवायला मला संध्याकाळपर्यंत धीर झाला नाही. त्यांनी व्हॅन हातात घेतली, फिरवून बघितली आणि एवढंच म्हणाले, "आता दुसऱ्या कशाला हात लावू नकोस. आधी शिकून घे."

म्हणून शिकलो. इंजिनिअरिंगला येऊन मटेरियल सायन्सचा पेपर लागला तेव्हा वर्गात झोप न लागलेला बहुधा मी एकटाच असेन. जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, पत्रा. खेळण्याचा पत्रा म्हणजे पोलादावर कथलाचा थर. घरावरचा पत्रा म्हणजे पोलादावर जस्ताचा थर. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जस्तावर ओरखडा गेला तरी जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. कथलाचं उलटं. उघड्या हवेत कथील लोखंडापेक्षा 'उच्चकुलीन', त्यामुळे ओरखडा गेला की लोखंडच आधी गंजायला लागतं आणि तेही जोरात. अखंड असेपर्यंत कथील छान, फुटलं की शत्रू. वीतभर डब्याच्या कापलेल्या कडा, वाकवलेल्या जिभल्या, सगळीकडे लोखंड उघडं.

दुसरी, मीठ. आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत बारीक मीठ असतं. नुसतं सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून ओलं होतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाझरायला लागतं. म्हणजे डबा हाताला कोरडा लागला तरी मिठाच्या कणाखाली ओल आहेच. पावसाळ्यात श्रीवर्धनला हवेची स्थिती काय असते ते वाळत घातलेल्या चादरीला विचारा. म्हणून नुसतं पुसून भागत नाही, आधी मीठ काढावं लागतं : डिस्टिल्ड वॉटरमध्ये बोळा किंचित ओला करून टिपायचं, लगेच कोरडं करायचं. तेही ट्रान्सफरला धक्का न लावता.

तिसरी, चुरलेली चाकं. याला संग्राहक 'झिंक पेस्ट' म्हणतात. टूथपेस्टमधली पेस्ट नव्हे हो, पेस्ट म्हणजे कीड. जस्ताची कीड. ही चाकं जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली. त्या मिश्रधातूत शिसं अगदी काही हजारांश टक्के जास्त गेलं, तर ते कणांच्या सीमांवर जमा होतं आणि दमट उबेत त्या सीमा आतून कुरतडल्या जातात. धातू फुगतो, भेगा पडतात, शेवटी भुगा. १९३० च्या दशकातली अनेक खेळणी याने गेली. यावर औषध नाही. ओतताना जो दोष गेला तो जन्मजात. कोरडं आणि थंड ठेवून रोग लांबवता येतो, एवढंच. वादळाने आमची चाकं मोडली नाहीत, ती आधीच आजारी होती. वादळाने फक्त निकाल लावला.

राहिला शेलचा टँकर. संग्रहातला आजोबांचा सगळ्यात लाडका. त्याचं कारण जाहिरात. बर्मा-शेल कंपनी १९२८ मध्ये निघाली, १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि पुढे तिची भारत पेट्रोलियम झाली. आजोबांच्या लहानपणी घरातला कंदील बर्मा-शेलच्या रॉकेलवर चालायचा आणि वाडीबंदरलाही ते नाव त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. माझ्या काकांचा सल्ला होता, "ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे दे, घासून लाल स्प्रे मारून देईल. नवाकोरा दिसेल." वाईट काय त्यात? काकांच्या गाडीचं तसंच केलं होतं, मस्त झाली होती.

पण गाडीची किंमत तिच्या चालण्यात असते. या टँकरची किंमत त्याच्या कातडीत आहे. आतला पत्रा कुठल्याही डब्याचा असतो, तो शेलचा होतो वरच्या त्या कागदाइतक्या थरामुळे. तो थर घासला तर उरतो तो एक पत्र्याचा नळकांडा. कितीही हुबेहूब रंगवला तरी ती माझी जाहिरात होईल, १९२० च्या दशकातली नाही. क्रॉफर्डच्या व्हॅनवर मी हा धडा घेतलेला होता.

म्हणून मी असं केलं. सुटलेला गंज मऊ ब्रशने आणि बांबूच्या काडीने काढला. पोटाखाली, जिथे अक्षरं नाहीत तिथेच, टॅनिक ॲसिडचं पातळ द्रावण लावलं. ते गंजाशी मिळून निळसर-काळा, स्थिर थर देतं. (सुपारी खाऊन दात का रंगतात, त्यातही टॅनिनचा हात आहे, त्यामुळे श्रीवर्धनच्या माणसाला हे रसायन परकं नाही.) मग सगळ्या अंगावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात. वस्तुसंग्रहालयांत हेच वापरतात. तीन सुट्ट्या या कामात गेल्या. टँकर आजही डागाळलेलाच दिसतो, एका बाजूच्या 'ई'वर खपली आहे. काकांना तो अजून 'अर्धवट' वाटतो. त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असंही नाही. खेळणं म्हणून बघितलं तर तो त्यांचा मुद्दा बरोबर आहे. दिवाळीत माझ्या चुलतभावाने विचारलं, "दादा, हा घासला का नाहीस?" तेव्हा त्याला पटेल असं उत्तर मला देता आलं नाही.

क्रॉफर्डची व्हॅन आजोबांनी पेटाऱ्यात परत ठेवली नाही. ती कपाटावर बाहेर असते, अर्ध्या नावासकट. लेझर प्रिंटरवर नवं ट्रान्सफर छापून लावतो म्हटलं, तर म्हणाले, "लाव, पण आतल्या बाजूला तारीख आणि तुझं नाव लिही. पुढच्याला कळायला हवं कुणी केलं ते." अजून लावलेलं नाही.

ज्यांना हा नाद लागेल त्यांच्यासाठी : सुरुवात कोऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यांनी करा, जुन्या पत्र्याने नाही. आणि आपल्याकडे असं काही बघायचं असेल तर कोलाडला जा. २६ जानेवारी १९९९ ला कोकण रेल्वेने तिथून ट्रकसकट माल नेणारी 'रो-रो' सेवा सुरू केली. सपाट वाघिणींवर रांगेने ट्रक चढवलेले, प्रत्येकाच्या अंगावर मालकाचं नाव, गाव, देव आणि दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली. इंग्लंडमधल्या त्या रंगीत मालगाडीच्या याहून जवळ जाणारं दृश्य मी तरी आपल्याकडे पाहिलेलं नाही. माझा पुढचा बेत त्याच गाडीचं एचओ मापातलं मॉडेल करायचा आहे. ट्रकवरची अक्षरं कुठल्या पेंटरकडून लहान करून घ्यावीत, हा प्रश्न आहे.

पेटारा आता बदलला. रबरी कडेचा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. पुड्यांचा रंग बदलला की आजी त्या तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा कोरड्या करते. (तवा वेगळा ठेवलाय, काळजी नसावी.) दर रविवारी मी होस्टेलवरून फोन करतो. आधी जेवलास का, मग अभ्यास, मग आजी चष्मा लावून मापकावरचा आकडा वाचून दाखवते. गेल्या रविवारी बेचाळीस होता.